नखाला लागलेली रेघ

नऊ फूट दोन इंच.

मे महिन्यात सोलापुरात सकाळी दहाच्या पुढे काळ्या दगडावर हात ठेवता येत नाही.

आयटीआयच्या ड्राफ्ट्समनच्या वर्गात आम्ही तीन मुली होतो. एकीचं लग्न पहिल्या वर्षी झालं, दुसरीचं दुसऱ्या.

आमच्या घरच्या रेडिओवरच्या बातम्या समोरच्या पिठाच्या गिरणीत ऐकू जायच्या, गिरणी चालू असतानासुद्धा. गिरणीवाला म्हणायचा, मिस्त्रींमुळे माझा एक रेडिओ वाचला.

मेत्रे बाईंनी एकतीस वर्षं खाली बसून स्वयंपाक केला. शाळेच्या क्वार्टरमध्ये ओटा नव्हता.

अक्कलकोटचं स्थळ. मुलगा एसटीत. दोन बहिणी, दोघी दिलेल्या.

बिराजदारांच्या गोदामात ‘तडा’ हा शब्द नव्हता. ‘शीर’ होती, ‘रेघ’ होती, ‘केस’ होता. एकदा एका नव्या हमालाने गिऱ्हाइकासमोर तडा म्हटलं, तर मालकांनी त्याला बाजूला नेऊन चहा पाजला आणि समजावलं.

*

“शीर आहे की बाई ती,” बिराजदार म्हणाले. “माणसाच्या हातावर नसते का, तसली. दगडाची शीर. जन्मतःच असते.”

“आणि तडा कसा असतो?” मेत्रे बाईंनी विचारलं.

“तडा आपल्याकडे नसतोच.”

“बाहेर असतो. तुमच्या गेटातून आत आला की त्याची शीर होते.”

बिराजदार पोट हलवून हसले. टोमणा चांगला असला की त्यांना राग यायचा नाही.

होटगी रोडवरचं त्यांचं ग्रॅनाइटचं गोदाम. २००१ सालचा मे, सकाळचे नऊ. पत्र्याच्या शेडखाली लोखंडी घोड्यावर एक काळी लादी उभी केली होती. तिच्या मधोमध, जरा डावीकडे, वरून खालपर्यंत केसाएवढी राखाडी रेघ. मेत्रे बाई महिन्यापूर्वी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि जुळे सोलापुरात घर बांधत होत्या. ओटा त्यांना अखंड हवा होता. मध्ये जोड नको. भिंत नऊ फूट दोन इंच, आणि गोदामात एवढ्या लांबीची ही एकच लादी.

मी आदल्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन माप घेतलं होतं. सिंक खिडकीखाली, मध्यावर. कागदावर मांडून पाहिलं तर रेघ बरोबर सिंकच्या पुढच्या पट्टीतून जात होती. दगड फिरवून लावला तरी सुटका नव्हती. सिंकसाठी दगड कापला की पुढे चार बोटांची पट्टी उरते, ओट्याचा सगळा नाजूकपणा तिथे. रेघ म्हणजे शीर असेल तर जन्मभर काही होत नाही. तडा असेल तर एखाद्या दिवशी बाई भरलेली कळशी टेकवणार आणि पट्टी त्यांच्या पायावर येणार.

“ते काही नाही,” बाई म्हणाल्या. “नागनाथ मिस्त्री वाजवून सांगतील ते खरं. ते घ्या म्हणाले तर घेते. मग रेघ असो की नदी.”

नागनाथ मिस्त्री म्हणजे माझे वडील. आप्पा.

*

आप्पा ओटे बसवायचे, पण त्यांचं नाव होतं ते कानाचं. हातोडी उलटी धरून लाकडी दांडा दगडावर हलकेच आपटायचा, मान तिरपी करायची आणि सांगायचं. खणखणीत. नाहीतर, बद्द. दुसरं काही बोलायचे नाहीत. इलकलच्या खाणीवर दगड निवडायला बिराजदार त्यांनाच घेऊन जायचे. दुसऱ्या दुकानातला दगड घेणारी माणसंही आधी आप्पांना रिक्षात घालून तिथे न्यायची. आप्पांनी खणखणीत म्हटलेला दगड फुटला, असं गावात कुणी सांगितलं नव्हतं.

आणि त्या मे महिन्यात आप्पांना ऐकू येत नव्हतं.

तीस वर्षं दगड कापायच्या मशीनपाशी उभं राहिल्यावर जे होतं ते झालं होतं. अगदी ठार नाही. कुत्रं भुंकलेलं कळायचं. समोरून, तोंडाकडे बघत असले तर निम्मं बोलणं कळायचं, उरलेलं ते अंदाजाने भरून काढायचे. दगडाचा आवाज मात्र गेला होता. खणखणीत आणि बद्द यांतला फरक त्यांच्यापुरता मिटला होता.

हे मला माहीत होतं. त्यांना माहीत होतं. आम्ही एकमेकांशी त्याबद्दल कधी बोललो नव्हतो.

सुरुवात बाळीवेशीतल्या एका घरात झाली. आप्पांनी दगड वाजवला आणि काही न बोलता माझ्याकडे पाहिलं. मी माप लिहीत होते, लिहीत राहिले. ते म्हणाले, खणखणीत. पुढच्या दगडाचा आवाज मेलेला आला आणि माझा हात आपोआप थांबला. ते म्हणाले, बद्द. तिथून पुढे तसंच. आप्पा वाजवणार, मी समोर वही घेऊन उभी. पेन हललं तर चांगला, थांबलं तर वाईट. लोकांना वाटायचं आप्पा सांगतात आणि मुलगी टिपून घेते. होतं उलटं.

त्यामुळे मी सगळीकडे असायची. खाणीवर, गोदामात, बांधकामावर. त्या काळी या धंद्यात बायका दगड वाहायच्या. वही घेऊन उभी असणारी मी एकटी.

*

त्याच दिवशी सकाळी, गोदामात जायच्या आधी, घरात.

“तिला अजून किती दिवस दगडावर फिरवणार?” आत्याने विचारलं. आई मी लहान असताना गेली. घर आत्याने चालवलं.

“काय?” आप्पा म्हणाले.

“दगडावर,” आत्या ओरडली.

“दगड चांगलाय म्हणे. बघायलाच निघालोय.”

“दगडाला स्थळ आलंय का? पोरीला आलंय. अक्कलकोटचं. रविवारी येतो म्हणतात.”

हे त्यांना कळलं. त्यांनी भाकरीचा तुकडा दुधात बुडवला. मग म्हणाले, “वैजू गेली तर माप कोण घेणार?”

“टेप काय तिनेच धरायचा असतो का?”

“तिच्यासारखं कुणी घेत नाही,” आप्पा म्हणाले आणि माझ्याकडे न बघता उठले.

मागच्या दोन स्थळांच्या वेळीही ते हेच म्हणाले होते.

*

आप्पा लादीसमोर उभे राहिले. त्यांनी आधी तळहात फिरवला, मग रेघेवरून अंगठ्याचं नख ओढलं. हातोडी उलटी धरली. उजव्या टोकाला एक ठोका. घंटेसारखा आवाज आला. मी लिहिलं. “खणखणीत.” एक हात अलीकडे. मी लिहिलं. “खणखणीत.” बिराजदार मान डोलावत होते. बाई माझ्या शेजारी छत्री टेकून उभ्या होत्या.

ठोका रेघेपाशी आला.

लोकांनी पाहिलं ते असं. मिस्त्रींनी रेघेशेजारी दांडा आपटला. आवाज आला तो ओल्या मडक्याचा. बद्द. शेडच्या दाराशी बसलेल्या हमालानेसुद्धा मान वर केली. आणि नागनाथ मिस्त्री मान तिरपी करून, डोळे बारीक करून म्हणाले, “खणखणीत. घ्या डोळे झाकून.”

आप्पांनी पाहिलं ते असं. दांडा आपटला. समोर वैजूचं पेन चालत होतं.

माझ्याकडून असं. बाईंनी त्याच वेळी माझ्या कोपराला हात लावला आणि म्हणाल्या, “अगं, घरच्या फोनचा नंबर बदललाय आमचा. लिहून घे, नाहीतर विसरेन. बासष्ट, चौतीस, अठरा.” मी शाळेत त्यांच्या हाताखालून गेलेली. त्यांनी लिही म्हटलं की हात चालतो. मी लिहिलं. बासष्ट लिहिताना ठोका ऐकला. चौतीस लिहिताना तो बद्द होता हे कळलं. अठरा तरीही लिहिलं.

“काय म्हणालात मिस्त्री?” बाईंनी विचारलं.

आप्पा माझ्याकडे बघत होते.

“खणखणीत म्हणाले,” बिराजदार म्हणाले. त्यांचा आवाज जरा वेगळा झाला होता. ते पुढे झाले, आप्पांच्या हातून हातोडी घेतली आणि रेघेशेजारी स्वतः ठोका दिला. बद्द. परत दिला. बद्द.

आप्पांनी माझ्या हाताकडे पाहिलं. पेन थांबलं होतं. त्यांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. रस्ता ओलांडताना मध्येच थांबलेल्या माणसाचा होतो तसा, एवढंच.

“वैजयंता,” बाई म्हणाल्या. हजेरी घेताना घ्यायच्या तसं पूर्ण नाव. “तू इतकी वर्षं त्यांच्याबरोबर आहेस. तुझे कान तरुण आहेत. तू सांग. कसा वाजला?”

 मला सुचत होतं ते सगळं खोटं होतं. लादी घोड्यावर नीट टेकली नाही म्हणावं. मागे पोतं अडकलंय म्हणावं. ‘आप्पा, परत वाजवा’ म्हणावं आणि या वेळी पेन धरून ठेवावं, म्हणजे ते बद्द म्हणतील आणि मी म्हणेन, बघा, घाईत झालं. हे शेवटचं चाललंही असतं. बिराजदारांना चाललं असतं.

मी म्हणाले, “बद्द आहे.”

“काय?” आप्पांनी विचारलं.

“बद्द आहे, आप्पा.” या वेळी मी ते घरातल्या आवाजात म्हणाले. आत्या ज्या आवाजात भाकरी झाली म्हणून सांगायची, त्या. तो आवाज मी घराबाहेर कधी काढला नव्हता. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग आप्पांकडे पाहिलं. एकतीस वर्षं मागच्या बाकांवर कुणाला दिसत नाही, कुणाला ऐकू येत नाही, हे ओळखणारी बाई होती ती.

आप्पा मान हलवत राहिले. मग हमालाला खुणेने म्हणाले, पाणी.

बादली आली. त्यांनी तांब्याभर पाणी रेघेवर सोडलं, खांद्यावरच्या टॉवेलने दगड पुसून घेतला आणि बाजूला उभे राहिले. मे महिना. लादी बघता बघता वाळली. वरून, खालून, दोन्ही बाजूंनी राखाडी झाली. रेघ तेवढी ओली राहिली. काळी, बारीक, वरपासून खालपर्यंत. पाणी आत गेलं होतं.

“तडा आहे,” आप्पा म्हणाले. “बाई, हा घेऊ नका. सिंक कापतानाच जाईल.”

गोदामात तो शब्द इतक्या मोठ्याने पहिल्यांदाच बोलला गेला असावा. बिराजदार आप्पांच्या पाठीमागे उभे होते. ते म्हणाले, “मग मघाशी खणखणीत का म्हणालात, मिस्त्री?”

आप्पा वाकून टॉवेल पिळत होते.

“मिस्त्री,” बिराजदार म्हणाले.

टॉवेलातून पाणी पडत होतं. आप्पांनी तो झटकला, घडी केली, खांद्यावर टाकला. मग वळले आणि मालकांना आपल्याकडे बघताना पाहून हसले. समोरचा काही बोलला असेल तर असावं म्हणून माणसं हसतात, तसं.

बिराजदारांनी परत विचारलं नाही.

*

एम-एटीवरून घरी येताना मी मागे बसले होते. गाडीवर आम्ही बोलायचो नाही, उपयोग नव्हता. सात रस्त्यापाशी आप्पांनी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि पुढे बघत म्हणाले, “नखाला लागलं होतं गं.”

मी उतरून त्यांच्यासमोर गेले, म्हणजे त्यांना माझं तोंड दिसेल.

“वाजवायच्या आधीच,” ते म्हणाले. “शिरेवरून नख जातं. तड्यात अडकतं. अडकलं होतं. मला कळलं होतं.”

“मग खणखणीत का म्हणालात?”

“तू लिहिलंस.”

“मी बाईंचा फोन नंबर लिहीत होते, आप्पा.”

त्यांना ते पहिल्यांदा सांगून कळलं नाही. मी वही उघडून दाखवली. बासष्ट, चौतीस, अठरा. त्यांनी आकड्यांवर अंगठा ठेवला. उन्हात डोळे बारीक करून बराच वेळ वाचत राहिले. सहाच आकडे होते.

“मला वाटलं, माझं नख चुकलं,” ते म्हणाले.

मग त्यांनी किक मारली.

*

बाई संध्याकाळी घरी आल्या. सोबत पेढ्यांचा लहान पुडा. आत्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, “तुमची मुलगी आज खरं बोलली. बापाच्या तोंडावर. हे सोपं नसतं.” आत्याला काही माहीत नव्हतं. तिने पुडा देवापुढे ठेवला. आप्पा ओसरीवर पाठमोरे बसून पान लावत होते. बाई त्यांच्याशी बोलायला गेल्या नाहीत. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. “मला त्या पट्टीपासून वाचवलंस,” म्हणाल्या.

दोन दिवसांनी बिराजदार आले. खुर्चीत बसून इकडचं तिकडचं बोलले, आप्पांना मुद्दाम मोठ्याने तब्येत विचारली. त्यांच्यात वाईटपणा नव्हता. उठताना म्हणाले, “मिस्त्री, आता खाणीचा प्रवास तुम्हाला कशाला? ऊन किती. यापुढे वैजूला पाठवा की. तिचा कान मी स्वतः बघितलाय.”

आप्पा त्यांच्या ओठांकडे बघत होते.

“काय म्हणतात?” त्यांनी मला विचारलं.

“इलकलला मी जायचं म्हणतात,” मी सांगितलं. “वाजवायला.”

“बरोबर आहे,” आप्पा म्हणाले. थोड्या वेळाने परत म्हणाले, “बरोबर आहे.”

अक्कलकोटच्या माणसांना आत्याने निरोप पाठवला, मुलगी कामाला लागली, यंदा नको. पुढच्या वर्षीही नको म्हणाली. मग कुणी विचारेनासं झालं.

*

आप्पा त्यानंतर अकरा वर्षं होते. ओटे बसवायचे. हात शेवटपर्यंत चांगला होता, जोड असा बसवायचे की बोटाला लागायचा नाही. वाजवायला मात्र त्यांना कुणी नेलं नाही. गोदामात आले की लाद्यांवरून नख फिरवत एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायचे, आणि एखाद्या लादीपाशी थांबून माझ्याकडे बघायचे. मी वाजवायची. मान हलवायची. आम्ही तेवढं बोलायचो.

मेत्रे बाईंनी ओटा दोन तुकड्यांचा केला. जोड आप्पांनीच बसवला. त्यांच्या घरी मी दर दिवाळीला जाते. ओट्याशी उभ्या राहून चहा करताना त्या नव्या पाहुण्यांना माझी ओळख करून देतात आणि ती गोष्ट सांगतात. शेवटी नेहमी म्हणतात, ही कधी खोटं बोलत नाही.

बिराजदारांनी गोदाम विकलं तेव्हा ते मी घेतलं. फाटकावर माझं नाव आहे. खाली लिहिलंय, दगड वाजवून मिळेल. माझ्याकडे तडा हा शब्द चालतो, गिऱ्हाइकांना त्याचं कौतुक वाटतं.

*

२००० सालच्या जानेवारीत, बाळीवेशीतल्या त्या घरानंतर काही महिन्यांनी, एका धर्मशाळेत तपासणीचं मोफत शिबिर भरलं होतं. आम्ही आत्याच्या डोळ्यांसाठी गेलो होतो. शेजारच्या टेबलावर कान तपासत होते, आप्पा तिथे बसले. डॉक्टर मला म्हणाले, यंत्र लावलं तर यांना बरंचसं ऐकू येईल, यंत्र आम्हीच देतो, इथे नाव नोंदवा. आप्पांनी मला विचारलं, काय म्हणतात? मी सांगितलं, वयोमानानं झालंय म्हणतात, काही करता येणार नाही.